थांबणाऱ्यांचं मंडळ

“त्याला लाल हवाय, काका. लालच द्या.”

हा आवाज ताईचा. तेव्हा ती दोन वेण्यांची, शाळकरी. आणि तिचं बोट धरून उभा असलेला तिचा भाऊ जेमतेम तिच्या कमरेएवढा. समोर फुगेवाला. फुगेवाल्याने वाकून, अगदी मायेने विचारलं होतं, “बोल राजा, कुठला देऊ?” आणि राजाने तर त्या रंगांच्या घोळक्यातून कडेला एकटाच डुलणारा निळा फुगा नजरेने केव्हाच उचलला होता. आता नुसता शब्द उचलायचा राहिला होता. जीभ दातांमागे जाऊन टेकली आणि तिथेच ठाण मांडून बसली. न... न... न... शब्द उंबऱ्याशी आला, पण उंबरा ओलांडेना. मागे पोरांची रांग. फुगेवाल्याच्या चेहऱ्यावरची माया हळूहळू घाईकडे झुकलेली. भावाची ती तारांबळ ताईला बघवेना, तिने धिटाईने सांगून टाकलं. लाल हवाय.

लाल फुगा हातात आला तेव्हा ताई इतकी खुशीत होती, की त्याने तो मुकाट्याने छातीशी धरला. त्या दिवसापासून घरात पक्कं झालं, की याला लाल आवडतो. मग लाल दप्तर आलं, लाल स्वेटर आला, लाल सायकल आली. पुढे ताईने शिवणाचं दुकान टाकलं, तेव्हा मशीनवर पहिला शर्ट शिवला तोही याचाच, आणि तोही असा लालभडक, की बाबा म्हणाले, “ह्याला चौकात उभा केला तर गाड्या थांबतील.” बाबा बस चालवायचे, त्यामुळे त्यांचे विनोदही रस्त्यावरचेच असायचे.

आई दवाखान्यात नर्स. आईची पाळी संपायची तेव्हा बाबांची सुरू व्हायची. घरात कायम सापडणारी अशी ताईच. म्हणून तीच त्याची दुभाषी झाली. “त्याला म्हणायचंय की,” हे तिचं पालुपद. बहुतेक वेळा ती बरोबर असायची, हेही खरं. जिथे चुकायची तिथे तो हसून घ्यायचा, आणि न निघालेला शब्द आवंढ्याबरोबर आत ढकलायचा. ताईवर रागवायचं कसं? सुईत दोरा ओवताना ती गुणगुणायची,

सुई गं बाई सुई, पुढं पुढं जाई,
मागल्या दोऱ्याची वाट पाहत राही.

हे गाणं तिनेच रचलेलं. तोही तिच्याबरोबर म्हणायचा. गाण्यात तो कधीच अडला नाही. गाण्यात शब्द एकमेकांचा हात धरून येतात. बोलण्यात एकेकट्याला यावं लागतं.

कॉलेजात त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. कारण तो बोलायला लागला की समोरचा हमखास म्हणायचा, “सावकाश, सावकाश बोल.” जणू तो आतापर्यंत धावतच होता! ऐकून ऐकून एकाने तेच नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यालाही ते बरं वाटलं. निदान स्वतःचं नाव सांगायची वेळ टळली. स्वतःच्या नावापाशी तर त्याची गाडी दर वेळी पंक्चर व्हायची.

दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला तो बाहेर बाकावर बसला होता, तेव्हा दार उघडून एक मुलगी हसत बाहेर आली. हसू आवरेना म्हणून भिंतीला टेकली.

“क-क-क-काय झालं माहितीये?” ती म्हणाली. तिचे शब्द अडत नव्हते, एकामागून एक सुटत होते, तोफेतून गोळे सुटावेत तसे. “मला उत्तर येतच नव्हतं. मी नुसती प-प-प करत बसले. सरांना वाटलं मी अडकलेय. बिचाऱ्यांनी दया येऊन सगळं उत्तर स्वतःच दिलं, आणि वर म्हणाले, शाब्बास!”

सावकाश इतका हसला की आतून सरांनी दटावलं. मग त्याने सांगायला घेतलं, की त्याला उत्तर येत असतं तेव्हाही लोक भलतंच उत्तर देऊन मोकळे होतात. सांगायला बराच वेळ लागला. ती ऐकत राहिली. मान हलवली नाही, ओठ हलवले नाहीत, “हं, म्हणजे” असंही म्हणाली नाही. वाक्य संपलं आणि त्याला चमत्कारिक मोकळं वाटलं, घट्ट जोडा काढल्यावर पावलाला वाटतं तसं.

“तू म-मधे काही बोलली नाहीस,” तो म्हणाला.

“वाक्य तुझं होतं,” ती म्हणाली. “मी कशाला घेऊ?”

ती तोफ. हे नाव तिनेच स्वतःला ठेवलेलं. “दुसऱ्यांनी ठेवण्याआधी आपण ठेवावं,” असं तिचं म्हणणं. मंडळाची कल्पना त्या बाकावरच निघाली. कॉलेजात डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ होतं, नाटकवाल्यांचं होतं, टपाल तिकिटं जमवणाऱ्या दोघा जणांचंही होतं. मग बोलताना अडखळणाऱ्यांचं का नसावं? तिथे शिकवणी नको, उपाय नको, ‘सावकाश’ नको. नियम एकच: दुसऱ्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही.

नियम सोपा वाटला, पण पाळायला बसल्यावर घाम फुटला. पहिल्या बैठकीला पाच जण आले, आणि जो तो दुसऱ्याला मदत करायला टपलेला. शब्द अडला की बाकी चौघांचे ओठ आपोआप उघडायचे. “आपण तर स्वतः सोसलेलं आहे,” तोफ वैतागून म्हणाली, “तरी आपली तोंडं बंद राहत नाहीत, तर बाकीच्यांचं काय घ्या!”

वाट निघाली ती कॅन्टीनच्या मावशींमुळे, पण त्यांनी काही वाट दाखवली असं नाही. मंडळाला मान्यता नव्हती म्हणून खोली नव्हती. म्हणून ही मंडळी कॅन्टीनच्या मागच्या कोठीत पोत्यांवर बसायची. मावशींना ते खपेना.

“फुकट बसायला हे काय बाग आहे?” असं म्हणत त्यांनी मटाराच्या शेंगांचं भलंमोठं टोपलं मधोमध आणून आपटलं. “सोला. आणि खाऊ नका. मला कळतं कुणी किती खाल्ले ते.”

सोलायला लागले, आणि काय गंमत! हात गुंतले तशी तोंडं निवांत झाली. कुणी अडलं तर बाकीचे शेंगेची शीर ओढत, टच्‌कन टरफल फोडत, अंगठ्याने दाणे परातीत लोटत. परातीत दाण्यांची टपटप व्हायची आणि त्या टपटपीत शब्द आपल्या पावलांनी यायचा. अडलेल्याकडे टक लावून बघायला कुणाला सवडच नव्हती. एकदा एक मुलगा एका शब्दापाशी इतका वेळ थांबला की अर्धं टोपलं रिकामं झालं. शब्द निघाला तो ‘नमस्कार’. सगळ्यांनी एका सुरात उलटा नमस्कार केला. मावशी दारातून म्हणाल्या, “एवढ्या नमस्कारात माझं काम झालं. उद्या जरा मोठं वाक्य घ्या.”

महिन्याभरात आठ-नऊ जण झाले, तेव्हा मान्यतेसाठी अर्ज केला. रीत अशी होती, की संस्थापकाने स्वतः समितीपुढे उभं राहून तीन मिनिटांत मंडळाचा हेतू सांगायचा. समिती म्हणजे उपप्राचार्य बाई, खेळाचे सर, आणि वेळ संपली की टिंग्‌कन घंटी वाजवणारे कारकून काका.

सावकाश उभा राहिला. ‘अडखळणाऱ्यांचं’ हा शब्द तर पहिल्याच पावलाला धोंड्यासारखा आडवा पडला. मग त्याने वळसा घ्यायचं ठरवलं. अडणाऱ्या माणसाला आडवाटा पाठ असतात.

“आमच्याकडे घ-घाई नसते,” तो म्हणाला. “एकाची पाळी असते, तेव्हा दुसरा थ... थ... थांबतो. कितीही वेळ लागो, मध्ये हात घालायचा नाही. ज-ज-ज्याची पाळी, त्यानेच...”

“बुद्धिबळ!” उपप्राचार्य बाईंनी टाळी वाजवली. “अरे, मग एवढं कोडं कशाला घालतोस? बुद्धिबळ मंडळ! मी कधीची म्हणतेय, आपल्याकडे का नाही?”

“पट आणि सोंगट्या माझ्या कपाटात पडून आहेत,” खेळाचे सर उत्साहाने म्हणाले.

सावकाशने मान हलवली. नाही अशी हलवली, पण आनंदात असलेल्या माणसांना कुठलीही मान होकाराचीच दिसते. तोंड उघडलं, जीभ टेकली, टिंग्‌ झालं. शिक्का बसला. बाईंनी पाठ थोपटली. खांद्यावर पटांची चळत घेऊन तो बाहेर आला. त्याला थेट तो फुगेवाला आठवला. हातात पुन्हा लालच.

तोफ आधी चिडली, मग हसली, मग पुन्हा चिडली. “आता करायचं काय?”

“ख-खोली तरी मिळाली,” तो म्हणाला.

खोली खरंच छान होती. उजेडाची, दोन मोठ्या खिडक्यांची. दारावर पाटी लागली: बुद्धिबळ मंडळ. आणि पाटी वाचून खरोखरीचे बुद्धिबळ खेळणारेही आले. त्यांचा म्होरक्या एक किडकिडीत मुलगा होता, त्याला सगळे वजीर म्हणत. परात, टोपलं आणि सोलणारी मंडळी बघून तो दारातच थबकला.

“हा कुठला डाव?”

तोफेने त्याला सगळं सांगितलं. वजीर गंभीरपणे ऐकत राहिला. मध्ये बोलला नाही; त्याला तशी सवयच होती. “आमच्यातही दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावला तर भांडण होतं,” एवढं म्हणून तो पट मांडून बसला. मग एका कडेला बुद्धिबळ, एका कडेला मटार, असं ते मंडळ मजेत चालू लागलं. हरलेल्याने टोपलं परत नेऊन द्यायचं, असाही एक नियम आपोआप पडला.

असंच चाललं असतं. सावकाशला तर वाटायला लागलं होतं, की बिघडलं कुठे? लाल शर्टही ऊबदारच असतो की. पण एके दुपारी तोफ खोलीत आली ती न हसता.

“बाहेर एक मुलगी उभी होती. पहिल्या वर्षाची,” ती म्हणाली. “कुणीतरी तिला आपल्याबद्दल सांगितलं असणार. पाटी वाचली, पुन्हा वाचली. मी विचारलं, काय हवंय? तिने तोंड उघडलं, आणि म-मला कळलं, सावकाश, ती कुठे अडलीये ते मला कळलं. पण मी थांबले. नियम आहे ना! मी नुसती बघत उभी, तिला वाटलं मी मनात हसतेय की काय. ती गेली.”

खोलीत टपटप थांबली. वजीरचा हात पटावर तसाच राहिला.

“सत्र संपताना सगळ्या मंडळांची नावं दर्शनी भिंतीवर रंगवतात,” तोफ म्हणाली. “एकदा रंगवलं की बुद्धिबळच. कायमचं. मग तिच्यासारखं कुणी आलं, की असंच दारातून परत जाणार.”

समितीची पुढची बैठक आठवड्यावर होती. त्या संध्याकाळी तो ताईच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एकच खोली. दाराशी मशीन, मागे कापडांच्या गुंडाळ्या, आणि पायांखाली चिंध्यांचा रंगीत पाचोळा. ताई एका सदऱ्याची बटणं टाचत होती. त्याने घडलेलं सगळं सांगितलं. ताईने चार ठिकाणी वाक्य पुरं केलं, तीन ठिकाणी बरोबर.

“एवढंच ना?” तिने दोरा दातांनी तोडला. “मी येते. दोन वाक्यांचं काम. बाईंना म्हणेन, माझ्या भावाला म्हणायचंय की...”

“नको.”

हा शब्द कसा कोण जाणे, एका झटक्यात निघाला. दोघंही दचकली.

“अरे, मी काय परकी आहे?”

“न-नाहीस. म्हणूनच न... न...”

“नको,” ताईने पुरं केलं, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग तिने तो सदरा उलटा करून उगीचच शिवण तपासली. “बरं,” ती म्हणाली. “नाव बदलून आलास की सांग. मंडळाला कापडी फलक लागेल ना? तो मी शिवते. त्यात तरी मला घे.”

बैठकीच्या दिवशी सावकाश समितीपुढे गेला तो रिकाम्या हाताने नव्हे. मागे तोफ होती, तिच्या डोक्यावर टोपलं. वजीरच्या हातात परात. टोपलं टेबलावर ठेवलं, परात मधे सरकवली, आणि तिघांपुढे शेंगांची एकेक रास मांडली.

“हे काय?” उपप्राचार्य बाईंनी चष्मा वर केला. “भाजी निवडायला बोलावलंय का आम्हाला?”

“मंडळाचं काम दाखवतोय, बाई,” तोफ म्हणाली. “सोलायचे. आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत बोलायचं नाही. मावशींनी सांगितलंय, खायचेही नाहीत.”

खेळाचे सर हसले आणि त्यांनी पहिली शेंग फोडली. बाईंनी जरा आढेवेढे घेतले, पण समोर न सोललेली शेंग असली की कुणाच्याही बोटांना राहवत नाही. त्याही सोलू लागल्या, आणि सरांपेक्षा भराभर. कारकून काकांनी घंटी बाजूला ठेवून बाह्या सरसावल्या.

सावकाशने श्वास घेतला. या वेळी त्याने वळसा घेतला नाही.

“आमचं मंडळ अ... अ...”

बाईंचे ओठ उघडले. बोटांत शेंग होती; त्यांनी ती जोरात दाबली, दाणे टणाटण परातीत उडाले, ओठ मिटले.

“अ... अ...”

टप, टप, टप. बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. कारकून काका इतके रंगले होते की त्यांच्या मांडीवर टरफलांचा डोंगर झाला होता.

“अडखळणाऱ्यांचं आहे,” सावकाश म्हणाला.

मग उरलेलं आलं. अडत आलं, थांबत आलं, पण त्याचं त्याचं आलं. बाकावरची तोंडी परीक्षा आली, कोठीतली पोती आली, दारातून परत गेलेली मुलगी आली. मागच्या वेळी बाईंनी जे पुरं केलं ते चुकलं होतं, हेही त्याने सांगितलं. सांगताना कान गरम झाले, पण सांगितलं. तीन मिनिटं केव्हाच उलटली होती. घंटी टरफलांखाली गडप झाली होती.

तो थांबला तरी तिघं सोलतच राहिले. संपलं आहे की अडलं आहे, हे कुणाला ठरवता येईना.

“झ-झालं,” तो म्हणाला.

“झालं?” बाईंनी खात्री करून घेतली. मग त्यांनी हात पुसले. “आणि मी बुद्धिबळ म्हणून टाळ्या पिटल्या! अरे, तेव्हाच का नाही...” त्या मधेच थांबल्या. त्यांचं वाक्य कुणी पुरं केलं नाही. परातीकडे बघत त्यांनी ते स्वतःच सोडून दिलं आणि हसल्या. “नाव काय लिहू? घाई नाही. तुझं तू सांग.”

“थ... थांबणाऱ्यांचं मंडळ.”

“मग बुद्धिबळवाले?” खेळाचे सर म्हणाले.

“आम्हीही थांबतोच,” वजीर दारातून म्हणाला.

कॅन्टीनमध्ये मावशींनी परात पाहिली, दाणे हाताने वर-खाली केले आणि म्हणाल्या, “बाईंनी खाल्लेत.” पण त्या खुशीत असणार, कारण त्यांनी एक पिशवीभर शेंगा सावकाशच्या हातात कोंबल्या. “घरी ने. तुझ्या त्या शिवणवाल्या बहिणीला दे.”

ऊन उतरत होतं तेव्हा तो दुकानात पोहोचला. ताईने पावलांवरूनच ओळखलं. वर न बघता मशीन थांबवलं आणि मग बघितलं.

“झालं?”

“झ... झालं.”

ती उठली, त्याचे दोन्ही गाल धरून हलवले, डोळे पुसले, मग लगेच कामाला लागली, कारण तिला आनंद हातांनीच व्यक्त करता यायचा. टेप गळ्यात, कात्री हातात. मागच्या फळीवरून कापडाची गुंडाळी ओढत म्हणाली, “चांगलं मोठं कापड घेते. अक्षरं पांढरी टाचू. आणि कापड अर्थात ला...”

तिचं वाक्य तिनेच थांबवलं. गुंडाळी अर्धी बाहेर आली होती. लाल.

त्याने पिशवी उघडली आणि ओंजळभर शेंगा तिच्या पुढ्यात ठेवल्या. मंडळाचे किस्से तिला ऐकून ऐकून पाठ होते. ती हळूच स्टुलावर बसली. कात्री बाजूला ठेवली. एक शेंग घेतली, शीर ओढली.

“कुठल्या रंगाचं करू?” तिने विचारलं. “तू सांग.”

त्याची जीभ दातांमागे जाऊन टेकली. न... न... तोच उंबरा, तोच शब्द. रस्त्यावरून एक बस गेली. बाबांची असेल, नसेल. ताईने दुसरी शेंग फोडली. तिसरी फोडली. एकदा तिचे ओठ उघडले, तशी तिने पटकन चार दाणे तोंडात टाकले आणि गाल फुगवून चावत बसली. त्याला हसू आलं. हसूही त्या शब्दाच्या मागे रांगेत उभं राहिलं. चिंध्यांच्या पाचोळ्यावर टरफलं पडत होती, हिरवी, सावकाश. तिला घाई नव्हती. त्यालाही नव्हती.

“निळा,” तो म्हणाला. “त... तेव्हाही निळाच हवा होता, ताई.”